भिंतीवर डोकं आपटू नका: सिव्ह ६ वाल्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात सहज एक ओळ टाकली होती की सिव्हिलायझेशन ६ मध्ये लढून जिंकायला जाता तेव्हा नेमकं कुठे अडता ते कळवा, आणि मेलबॉक्स भरून गेला. सायन्सने जिंकणारे कोणी काही विचारत नाहीत, ते बिचारे शांतपणे रॉकेट बांधत बसतात. रडगाणी सगळी डॉमिनेशनवाल्यांची.

ज्यांनी गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. २०१६ साली आलेला हा टर्न-बेस्ड गेम, म्हणजे बुद्धिबळासारखं, तुमची चाल झाली की मग बाकीच्यांची. डॉमिनेशनने जिंकायचं म्हणजे बाकी सगळ्या देशांच्या मूळ राजधान्या तुमच्या ताब्यात हव्यात. मूळ राजधान्या, सगळी शहरं नाही, आणि हे मी पुढे पण बोलणार आहे कारण निम्म्या पत्रांचं घोडं इथेच पेंड खातंय.

दादा, मी प्रिन्स लेव्हलला (मधल्या अवघडपणाला) खेळतो. आठ आर्चर (धनुर्धारी) आणि चार स्वोर्ड्समन (तलवारवाले) घेऊन शेजाऱ्यावर चाल करून गेलो, वीस टर्न झाल्या तरी राजधानी पडत नाही, उलट माझीच युनिट्स मरतायत. अजून किती युनिट्स लागतील?
– थकलेला सेनापती, सांगली

अरे मित्रा, बारा युनिट्स म्हणजे दोन शहरं घ्यायची फौज आहे ही. युनिट्स कमी नाहीत, तू भिंतीवर डोकं आपटतोयस. त्या शहराच्या नावाखाली दोन पट्ट्या दिसतात बघ, एक भिंतीची आणि एक शहराची. भिंत उभी असेपर्यंत स्वोर्ड्समनचा घाव तिच्यावर फक्त १५ टक्के बसतो, आर्चरचा निम्मा बसतो, आणि त्यातही शहरावर मारताना आर्चरची ताकद मुळातच १७ ने कमी धरतात, म्हणजे तुझे आठ आर्चर मिळून भिंतीचा रंग उडवतायत. पूर्ण घाव बसतो तो कॅटापल्टसारख्या सीज युनिटचा, म्हणजे भिंती फोडायच्या यंत्राचा. किंवा मग बॅटरिंग रॅम, म्हणजे धडका मारायचा ओंडका, तो शहराला लागून उभा केला की स्वोर्ड्समन आणि स्पिअरमनसारख्या पायदळाचे घाव भिंतीवर पूर्ण बसायला लागतात, आणि एकच रॅम सगळ्यांना पुरतो, प्रत्येकाला वेगळा बांधत बसू नकोस (मी बांधले होते, तीन). घोडेस्वारांना मात्र रॅमचा काही उपयोग नाही. आणि गॅदरिंग स्टॉर्म हे एक्सपान्शन (गेमची वाढीव भर) टाकलं असशील तर रॅम फक्त पहिल्या, एन्शंट भिंतीवर चालतो, मेडिएव्हल भिंत आली की सीज टॉवर लागतो, आणि रेनेसान्स भिंत आली की तोही बाद.

दुसरी गोष्ट जी तू लिहिली नाहीस पण मला दिसतेय, तू वेढा दिलेला नाहीस. वेढा नसेल तर शहर दर टर्नला २० हेल्थ भरून काढतं. तू दिवसभर मारतोस आणि ते रात्री बरं होतं. आता वेढा म्हणजे सहाच्या सहा हेक्सवर (नकाशावरच्या षटकोनी घरांवर, त्यांनाच टाइल म्हणतात) युनिट उभं करायचं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. पायदळाचं युनिट शेजारच्या हेक्सवर पण धाक ठेवतं, त्यामुळे शहराच्या अगदी समोरासमोर दोन स्वोर्ड्समन उभे केले तरी सहाही बाजू बंद होतात, मधे नदी किंवा डोंगर आला तर तिसरा लागेल. आर्चरचा असा धाक नसतो, ते मोजू नकोस. हे समजायला मला तीनेकशे तास लागले आणि तेही कोणीतरी सांगितलं म्हणून.

गेल्या महिन्यातलाच माझा घेराव सांगतो. टेकडीवरची राजधानी, पलीकडून नदी. दोन स्वोर्ड्समन समोरासमोर लावले, एकाच्या टाइलवर रॅम, मागे दोन आर्चर, आणि लांब एक ग्रेट जनरल, जो दोन टाइलच्या आत असला की युनिटला ५ ताकद आणि एक जास्तीची चाल देतो. पहिल्या टर्नला भिंत निम्म्यावर आली. दुसऱ्या टर्नला शहराने नेमका रॅमवाल्याच स्वोर्ड्समनवर बाण मारला, भिंत असलेलं शहर दर टर्नला एक बाण मारतं हे माहीत असूनही मी त्याला तसाच ठेवला होता, तो मेला, रॅम एकटा राहिला आणि तोही गेला. मग काय, दुसरा स्वोर्ड्समन मागे घेऊन शेजारचं शेत लुटलं, शेत लुटलं की ५० हेल्थ मिळते, आणि कॅटापल्ट येईपर्यंत आठ टर्न बसून राहिलो. कॅटापल्टचा एक त्रास आहे, हलला त्या टर्नला तो मारत नाही, म्हणून शहराच्या टप्प्यात येऊन एक बाण खायचा आणि मग मारायचं. जनरल जवळ असला तर हा त्रास बराच कमी होतो. माझा जनरल तेव्हा कुठे होता विचारू नकोस.

कॅटापल्टला इंजिनिअरिंग हा शोध लागतो. त्याचा युरेका, म्हणजे संशोधनातली ४० टक्के सूट, कशाने मिळते माहितीये का, आपल्या शहराला भिंत बांधली की. शेजाऱ्याची पाडायची तर आधी आपली बांधा. गेम बनवणाऱ्यांपैकी कोणीतरी गालातल्या गालात हसलं असणार.

पण खरं सांगू का, सगळ्यात सोपी भिंत म्हणजे जी अजून बांधलेलीच नाही. भिंत नसलेलं शहर बाण पण मारत नाही. स्लिंगरने (गोफणवाल्याने) एक बार्बेरियन (कुठल्याच देशाचा नसलेला रानटी लढवय्या) टिपला की आर्चरीचा युरेका मिळतो, तीन स्लिंगर आधीच बनवून ठेवलेले असतील तर ते लगेच अपग्रेड होतात, बरोबर दोन-तीन वॉरिअर घे आणि शेजाऱ्याला मेसनरी (भिंतीचा शोध) मिळायच्या आत जा. तू वीस टर्न उशिरा गेलास एवढंच झालंय. डॉमिनेशनमध्ये हरतो तो लढाईत नाही रे, कॅलेंडरमध्ये हरतो. तुझ्याकडे नवीन हत्यार आहे आणि समोरच्याकडे त्याला उत्तर नाही असे काही मोजके काळ येतात, एक हा सुरुवातीचा, मग बॉम्बार्ड तोफेचा, मग आर्टिलरी आणि ऑब्झर्वेशन बलूनचा (शहराचा टप्पा २, बलून असला की आर्टिलरीचा ३, म्हणजे शहराला परत मारताच येत नाही), मग बॉम्बर विमानांचा. या काळात धडाधड घ्यायचं, काळ संपला की तह करायचा आणि घरी येऊन लायब्ररी बांधायची. सतत युद्ध चालू ठेवलं की वॉर वेअरिनेसने (युद्धाच्या कंटाळ्याने) तुझीच शहरं रुसतात, ते वेगळंच.

मी शहर जिंकते आणि सहा-सात टर्नमध्ये ते बंड करून फ्री सिटी (कुठल्याच देशाचं नसलेलं शहर) होतं. एकदा तर माझ्या फौजेने जिंकलेलं शहर तिसऱ्याच देशाला जाऊन मिळालं! ही कुठली लोकशाही?
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नाशिक

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. ही २०१८ च्या राइज अँड फॉल एक्सपान्शनची देणगी, लॉयल्टी, म्हणजे शहराची निष्ठा. प्रत्येक शहरातली माणसं आजूबाजूच्या ९ टाइलपर्यंत आपल्या देशाचा दबाव टाकत असतात, जितकं लांब तितका कमी. तू शत्रूच्या प्रदेशात घुसून एकच शहर घेतेस, त्याच्या चारी बाजूंना त्याचीच भरलेली शहरं, तुझं घर लांब, मग ते टिकणार कसं.

उपाय मी करतो तो असा. एक शहर घेऊन थांबायचंच नाही, शेजारची दोन-तीन शहरं पाठोपाठ घ्यायची आणि त्यात सगळ्यात जास्त लोकसंख्येचं आधी, म्हणजे दबाव टाकणारेच आपल्या बाजूला येतात. फौज त्या मानाने लावून ठेवायची, पहिलं शहर पडायच्या आधीच निम्मी माणसं दुसऱ्याच्या वाटेवर हवीत. गव्हर्नर पाठवला की दर टर्नला ८ लॉयल्टी मिळते, त्यात व्हिक्टर नावाचा गव्हर्नर ३ टर्नमध्ये बस्तान बसवतो, बाकीच्यांना ५ लागतात, म्हणून लढणाऱ्याने व्हिक्टर घरी बसवून ठेवू नये. लिमिटानेइ हे धोरणाचं कार्ड लावलं तर गॅरिसन (मुक्कामी फौज) असलेल्या शहराला २ मिळतात, प्रेटोरियम लावलं तर गव्हर्नर असलेल्याला २.

आणि युग बघ. तू डार्क एजमध्ये (पडत्या काळात) असशील तर तुझ्या माणसांचा दबाव निम्मा पडतो, समोरचा गोल्डन एजमध्ये असेल तर त्याचा दीडपट. अशा वेळी चढाई करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी तर डार्क एज आलं की लढाई पुढे ढकलतो आणि त्या वेळात रस्ते, एन्कॅम्पमेंट (लष्करी तळ) असली कामं उरकतो.

ज्या छोट्या शहराचा तुला उपयोग नाही ते जिंकल्या जिंकल्या जाळून टाक, ठेवायचं कशाला. क्रूर वाटतं पण आपण मूळ राजधान्या मोजतोय. मूळ राजधानी मात्र गेम जाळू देत नाही. ती फुटून फ्री सिटी झालीच तर परत घ्यायला ये, फ्री सिटीवर चाल केल्याबद्दल कोणी तुझ्या नावाने बोटं मोडत नाही.

माझा मुलगा नववीत आहे. सुट्टीत दिवसभर हा गेम खेळतो, जेवायला हाक मारली की "आई, एक टर्न" म्हणतो आणि तासाभराने येतो. वर जेवताना कोणाची राजधानी कशी जाळली ते सांगतो. काळजी करावी का?
– एक आई, ठाणे

ताई, राजधानी जाळली असं सांगत असेल तर एक तर तो थापा मारतोय किंवा वरचं उत्तर त्याने वाचलेलं नाही.

चेष्टा बाजूला ठेवतो. "एक टर्न" हा या गेमचा जुनाच रोग आहे, १९९१ मध्ये पहिला सिव्हिलायझेशन आला तेव्हापासूनचा, आणि तो फक्त नववीतल्यांना होत नाही, माझी बायको तुम्हाला सविस्तर सांगेल. त्यात होतं असं की प्रत्येक टर्नला काहीतरी अगदी पूर्ण व्हायला आलेलं असतं, इकडे दोन टर्नमध्ये भिंत होणार, तिकडे तीन टर्नमध्ये शोध लागणार, त्यामुळे उठायची अशी वेळ येतच नाही. पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे. हा काही मित्रांबरोबरचा ऑनलाइन सामना नाही की मधेच उठलं तर टीम हरेल, संगणकाविरुद्ध खेळताना कुठल्याही क्षणी सेव्ह करून बंद करता येतं आणि गेम स्वतः पण ऑटोसेव्ह करत असतो. त्यामुळे "आत्ता बंद केलं तर सगळं जाईल" हे कारण मान्य करू नका. "किती वाजता येशील" विचारण्यापेक्षा "कितवी टर्न चालू आहे, कितव्या टर्नला उठशील" असं विचारून बघा, आकडा त्याच्या तोंडून आला की पाळला जातो. फक्त सुरुवातीच्या टर्न अर्ध्या मिनिटात होतात आणि शेवटच्या पाच-सात मिनिटं घेतात, तेव्हा "दहा टर्न" ऐकून फसू नका.

लढायांचं म्हणाल तर त्यात रक्त वगैरे काही दिसत नाही, सोंगट्या पडतात. तरी जे शहर घेतलं ते खऱ्या नकाशावर कुठे आहे हे जेवताना विचारत जा, त्याला बहुतेक सांगता येईल. मला समरकंद कुठे आहे ते असंच कळलं, आणि ते भूगोलाच्या सरांच्या वाट्याला आलं नाही याचं वाईट वाटतं.

गांधीजी अणुबॉम्ब टाकतात हे खरं आहे का? मित्र म्हणतो पहिल्या गेममध्ये बग होता.
– दहावीचा विद्यार्थी, लातूर

मित्र जी गोष्ट सांगतोय ती अशी की गांधींची आक्रमकता १ होती, लोकशाही आली की २ ने कमी व्हायची, आणि उणे आकडा साठवता येत नसल्यामुळे ती फिरून २५५ व्हायची. भारी गोष्ट आहे, कम्प्युटर सायन्सच्या वर्गात पण सांगतात, फक्त खरी नाही. पहिला गेम बनवणारे सिड मायर यांनी स्वतः २०२० च्या आत्मचरित्रात सांगितलंय की असा बग नव्हता. पण सिव्हिलायझेशन ५ मध्ये मात्र मुद्दाम गंमत म्हणून गांधींची अण्वस्त्रांची आवड वर नेऊन ठेवलेली आहे, त्यामुळे बॉम्ब पडला तर तो बग नाही, विनोद आहे. ज्याच्यावर पडला त्याला हसू येत नाही इतकंच.

पहिल्यांदाच डॉमिनेशन करायचंय, कुठला देश घेऊ? मराठे आहेत का?
– नवीन खेळाडू, पनवेल

मराठे सिव्ह ६ मध्ये नाहीत, शोधू नका, मी शोधून झालोय. नवीन असाल तर सुमेर घ्या. त्यांचा वॉर कार्ट पहिल्या टर्नपासून बनवता येतो, कुठलाही शोध लागत नाही, आणि भाल्यांना घाबरत नाही. पण तो रथ आहे, रॅम चालणार नाही, भिंती यायच्या आत काय ते उरका. नकाशा पॅन्जिया (एकच मोठा खंड) ठेवा म्हणजे समुद्र आडवा येणार नाही.

आपला भारत घ्यायचा तर राइज अँड फॉलमधला चंद्रगुप्त. मिलिटरी ट्रेनिंग मिळालं की त्याला शेजाऱ्यावर विस्ताराचं युद्ध पुकारता येतं आणि मग पहिल्या १० टर्न युनिट्सना २ जास्तीच्या चाली आणि ५ जास्तीची ताकद. दहा टर्न म्हणजे दहाच, फौज सीमेवर उभी करून मगच पुकारा. त्याच्या जोडीला वारू नावाचं युनिट मिळतं, आणि इथे मराठी माणूस पहिल्यांदा हमखास गोंधळतो, वारू म्हटल्यावर आपण घोडा शोधतो आणि निघतो हत्ती. शेजारी उभ्या असलेल्या शत्रूची ताकद हा हत्ती ५ ने कमी करतो, म्हणून दोन वारू बाजूबाजूला ठेवून मधे शत्रू घ्यायचा. भारताला बारव पण बांधता येते, गेममध्ये तिला स्टेपवेल म्हणतात. तिचा लढाईशी काही संबंध नाही पण मी दर वेळी एक तरी बांधतोच.

वय ६१, निवृत्त, न्यू जर्सीत मुलाकडे असतो, नातवाने शिकवलं. ४३० वी टर्न आहे, सात पैकी सहा राजधान्या माझ्याकडे, सातवी समुद्रापलीकडच्या खंडावर. तिथल्या राजाची एक राजधानी मी घेतली होती तरी विजय का मिळाला नाही? आता ७० टर्न पुरतील का?

काका, आधी अभिनंदन, सहा म्हणजे काम झालंच आहे.

तुम्ही घेतली ती बहुतेक त्याची नवीन राजधानी असणार. मूळ राजधानी हातची गेली की राजवाडा दुसऱ्या शहरात हलतो, पण गेम मोजतो ती पहिलीच, जिथे त्याने पहिलं शहर वसवलं ती. वर्ल्ड रँकिंग्जमध्ये डॉमिनेशनचा टॅब उघडा, कुणाची मूळ राजधानी आज कुणाकडे आहे ते सगळं लिहिलेलं असतं. कदाचित तुमची सातवी भलत्याच देशाने आधीच जिंकून ठेवलेली असेल, मग त्याच्याकडून घ्यायची, मूळ मालकाशी भांडून उपयोग नाही. यात एक सोय पण आहे बरं का, कोणी एक दांडगा देश दोघा-तिघांच्या राजधान्या गिळून बसला असेल तर एकाच युद्धात सगळ्या मिळतात, म्हणून मी लांबच्या खंडावर एखादा दांडगा तयार होत असेल तर त्याला होऊ देतो.

७० टर्न पुरतील, पण सैन्य जहाजात बसवून थेट किनाऱ्यावर उतरवायला जाऊ नका. पाण्यात असलेलं रणगाड्याचं युनिट म्हणजे बदक. राजधानी किनाऱ्यावर असेल तर काम अगदी सोपं आहे, तीन-चार बॅटलशिप न्या, त्यांचा टप्पा ३, शहराचा २, लांब उभं राहून ठोकत बसा, आणि शेवटी आयर्नक्लॅड किंवा डिस्ट्रॉयर आत घाला, समोरासमोर लढणारं जहाज किनाऱ्यावरचं शहर स्वतः जिंकू शकतं, पायदळ लागतच नाही. कोळशाचा साठा तेवढा बघा, गॅदरिंग स्टॉर्ममध्ये बॅटलशिप कोळसा खातात. राजधानी आत असेल तर एअरक्राफ्ट कॅरियरवरून बॉम्बर, आणि त्याआधी किनाऱ्यावरचं एखादं शहर घेऊन तिथे रणगाडे उतरवायचे. हिशेब उलटा लावा, ५०० व्या टर्नला गेम स्कोअरवर निकाल लावून मोकळा होतो, ४९० ला शहर पडायला हवं, ४७५ ला जहाजं तिथे हवीत, प्रवासाला पंधरा धरले तर ४६० ला निघायला हवं, म्हणजे बांधायला तुमच्याकडे तीस टर्न आहेत. आज जे कुठे वंडर (जगप्रसिद्ध वास्तू) बांधत असाल ते थांबवा. आणि नातवाला विचारू नका, तो अणुबॉम्ब सुचवेल.

शहराची हेल्थ शून्यावर येऊन चार टर्न झाल्या तरी शहर माझं होत नाही, बग आहे का? स्क्रीनशॉट जोडला आहे.
– कोल्हापूर

स्क्रीनशॉट बघितला. पाच कॅटापल्ट, सहा आर्चर. उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय. यातलं कोणीच शहरात शिरत नाही राव, शिरायला पायदळ नाहीतर घोडेस्वार लागतो. स्क्रीनशॉटच्या डाव्या कोपऱ्यात, तळ्याच्या पलीकडे, तुमचा एक जुना वॉरिअर झोपलेला दिसतोय, बहुतेक दहाव्या टर्नपासून. त्याला उठवा.